डेमो तर झाला, आता ट्रायलमध्ये काय बघायचं?

प्रश्न थोडक्यात असा: "मी बडोद्यातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात साहाय्यक ग्रंथपाल आहे. जर्नल-लेखांचे सगळे डेटाबेस एकाच खिडकीतून शोधता यावेत म्हणून तसे शोध-प्लॅटफॉर्म विकणाऱ्या तीन कंपन्यांचे डेमो झाले. तिन्ही छान दिसले. आता सहा आठवड्यांची ट्रायल मिळणार आहे आणि अहवाल मला लिहायचाय. एक विभागप्रमुख म्हणतात, गूगल स्कॉलर फुकट असताना हे कशाला? शिवाय तिघांनीही एआय दाखवलं, त्यावर समिती फारच खूश आहे. तपासणी नेमकी कशी करू?"

ताई, डेमोत तिन्ही छान दिसणारच. तिथले शोध कंपनीच्या माणसाने आधी घरी करून पाहिलेले असतात. 'क्लायमेट चेंज' टाकलं की कुठलाही प्लॅटफॉर्म लाखांनी निकाल ओततो आणि समितीतले लोक माना डोलावतात. कांदेपोहे झकास झाले म्हणून घर कळत नाही, त्यातलाच हा प्रकार. तुमच्या अहवालाचा कणा एकच ठेवा: तुमच्या वाचकाने तुमच्याच काउंटरवर विचारलेला प्रश्न टाकला, तर त्याच्या हातात पीडीएफ पडते का, आणि नाही पडली तर ती नेमकी कुठे अडली. पडद्याचा रंग, डाव्या हाताचे फिल्टर, 'यूजर एक्सपीरियन्स' वगैरे त्यानंतर.

आधी विकत काय घेताय ते बघू. २००९-१०च्या आधी 'फेडरेटेड सर्च' असायचा. वाचकाने शब्द टाकला की तो एकाच वेळी दहा-बारा डेटाबेसकडे जायचा आणि सगळ्यात सुस्त डेटाबेसची वाट बघत बसायचा. मग २००९ मध्ये 'समन' हे शोधयंत्र आलं, पाठोपाठ प्रिमो सेंट्रल आणि एब्स्को कंपनीची डिस्कव्हरी सर्व्हिस. यांनी प्रकाशकांकडून नोंदी आधीच गोळा करून एकच मोठा निर्देशांक बांधला. त्यामुळे उत्तर क्षणात येतं, पण जे निर्देशांकात नाही ते तुमच्या वाचकापुरतं जगातच नाही. त्या निर्देशांकाला जोडून दुसरी वस्तू येते: तुमच्या सबस्क्रिप्शनची यादी, म्हणजे होल्डिंग्ज, आणि तिच्या आधाराने वाचकाला योग्य दारात नेऊन सोडणारा लिंक रिझॉल्व्हर. शोधाची खिडकी तिसरी. डेमोत दिसते फक्त तिसरी. रोजच्या तक्रारी मात्र दुसरीबद्दल असतात आणि पहिलीतल्या उणिवा कुणाच्या लक्षातच येत नाहीत, कारण न दिसलेल्या लेखाबद्दल तक्रार करायला कोण येणार?

पहिलीपासून सुरुवात करा. कंपनीला सरळ विचारा की आमच्याकडे असलेल्या प्रत्येक डेटाबेसमधलं तुमच्या निर्देशांकात काय आहे: नुसतं शीर्षक, गोषवारा, विषयसंज्ञा की आख्खा मजकूर? 'सगळं कव्हर होतं' हे उत्तर चालवून घेऊ नका. या धंद्यात शोधयंत्र विकणारा आणि डेटाबेस विकणारा पुष्कळदा एकच असतो. एब्स्को स्वतःचे डेटाबेस विकते. समनवाल्या प्रोक्वेस्टने २०१५ मध्ये प्रिमोवाली एक्स लिब्रिस घेतली, २०२१च्या डिसेंबरात वेब ऑफ सायन्सवाल्या क्लॅरिव्हेटने प्रोक्वेस्ट घेतली. म्हणजे प्रिमो, समन आणि वेब ऑफ सायन्स आज एकाच छपराखाली आहेत. प्रतिस्पर्ध्याच्या नोंदी कुणी कुणाला किती द्यायच्या यावर पूर्वी बरीच रस्सीखेच झाली. त्यातूनच अमेरिकेतल्या निसो या मानक-संस्थेने 'ओपन डिस्कव्हरी इनिशिएटिव्ह' नावाची शिफारस २०१४ मध्ये काढली आणि २०२० मध्ये सुधारली. तिचा एक तपासणी-तक्ता असतो. निकालांच्या क्रमवारीत स्वतःच्या मालाला झुकतं माप देत नाही, कुणाकडून काय घेतो ते उघड सांगतो, वगैरे त्यात भरून द्यायचं असतं. तो भरलेला तक्ता तिघांकडे मागा. जो चटकन देतो त्याची निम्मी परीक्षा तिथेच झाली. जो 'सर, बघून सांगतो' म्हणतो त्याचीही झाली.

आता होल्डिंग्ज. इथे ट्रायलची पहिली अट घाला: आमची यादी चढवल्याशिवाय ट्रायलचे सहा आठवडे सुरू झाले असं आम्ही धरणार नाही. नाहीतर कंपनी आपला तयार नमुना उघडून देते. त्यात सगळ्या लिंक चालतात, कारण त्या कंपनीच्याच असतात.

तुमचं विद्यापीठ राज्य सरकारच्या अखत्यारीतलं आहे असं मी धरतो. तसं असेल तर सरकारी संस्थांना जर्नल्स एकत्र मिळवून देणाऱ्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेमुळे हा भाग गेल्या दोन वर्षांत पार बदललाय. २५ नोव्हेंबर २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळाने योजनेला मंजुरी दिली, १ जानेवारी २०२५ पासून ती चालू झाली. ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स, ६,३०० हून जास्त सरकारी संस्था, २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. कारभार आपल्या शेजारच्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राकडे. याचा तुमच्या ट्रायलशी संबंध असा की एकच जर्नल आता तुमच्याकडे दोन वाटांनी येतं. समजा, एक जर्नल तुम्ही पूर्वीपासून एखाद्या ॲग्रिगेटर, म्हणजे अनेक प्रकाशकांची जर्नल्स एकत्र विकणाऱ्या, डेटाबेसमधून घेताय. तिथे प्रकाशकाने बारा महिन्यांची बंदी घातलेली असते, म्हणजे ताजा अंक वर्षभराने दिसणार. तेच जर्नल या योजनेतून प्रकाशकाच्या स्वतःच्या साइटवर आजच्या आज उघडतं. विद्यार्थिनीने गेल्या महिन्यातला लेख शोधला, प्लॅटफॉर्मने आधी ॲग्रिगेटरची लिंक दाखवली, तिने ती दाबली, 'फुल टेक्स्ट उपलब्ध नाही' असं आलं, ती उठून गेली. लेख तुमच्याकडे होता, पैसेही सरकारने भरलेले होते. म्हणून बघायचं ते असं: या योजनेचं पॅकेज प्लॅटफॉर्मच्या यादीत वेगळं नोंदवता येतं का? लिंकचा क्रम तुम्हाला ठरवता येतो का? प्रकाशकाने यादी बदलली तर ती कोण आणि किती दिवसांत दुरुस्त करतं? याद्या केबार्ट या होल्डिंग्जच्या याद्यांसाठी ठरलेल्या नमुन्यात चढतात-उतरतात का? या चार प्रश्नांना निम्मे गुण द्या म्हटलं तरी मी हरकत घेणार नाही.

लिंकची परीक्षा हाताने करा, दुसरा उपाय नाही. पन्नासेक लेख घ्या: विज्ञान, कला, कायदा, वाणिज्य सगळ्यांतले, काही ताजे, काही १९९०च्या आधीचे, काही पुस्तकातली प्रकरणं. प्रत्येक लिंक तीन ठिकाणांहून दाबा: ग्रंथालयातल्या संगणकावरून, हॉस्टेलच्या वायफायवरून, आणि घरी फोनच्या डेटावरून. तिसरं टाळू नका. आपली मुलं रात्री अकरानंतर फोनवरच शोधतात. आणि कॅम्पसबाहेरून आत घेणारी प्रॉक्सी म्हणा की इन्फ्लिबनेटच्या इन्फेडचं लॉगिन म्हणा, त्याची खरी ओळख तिथेच होते. निकाल 'चाललं' आणि 'नाही चाललं' एवढाच लिहिलात तर अहवाल अर्धा राहील. का नाही चाललं तेही लिहा. नोंदीत खंड-अंक चुकीचा होता म्हणून जर्नलच्या मुखपृष्ठावर सोडलं, हा एक प्रकार. लेख तुमच्या सबस्क्रिप्शनच्या वर्षांबाहेरचा असून 'उपलब्ध' दाखवला, हा दुसरा. लॉगिन मागून पुन्हा पहिल्या पानावर आणून टाकलं, हा तिसरा. पहिल्या प्रकाराला निर्देशांक जबाबदार, दुसऱ्याला यादी, तिसऱ्याला बहुधा तुमचाच आयटी विभाग. ही फोड केली नाहीत तर समितीसमोर कंपनी सगळं खापर तुमच्या नेटवर्कवर फोडून मोकळी होईल.

शोधाचे प्रश्न कुठून आणायचे? काउंटरवरच्या वहीतून. वाचकाने जसे विचारले तसेच, चुकांसकट घ्या. बाहेरून लेख मागवण्याच्या अर्जांतून काही, ओपॅकच्या, म्हणजे ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीच्या, लॉगमधल्या 'शून्य निकाल' वाल्या शोधांतून काही. हे शून्य निकाल म्हणजे सोनं आहे, कुणी बघतच नाही. पीएचडीच्या चार गाईडना विचारा की तुमच्या विषयातले असे पाच लेख सांगा जे पहिल्या पानावर यायलाच हवेत. तज्ज्ञाच्या मनातली ती यादी म्हणजे तयार उत्तरपत्रिका.

आणि बडोद्याचे प्रश्न घाला. कंपनीच्या डेमोत ते कधीच नसतात.

गायकवाड हे आडनावच घ्या. रोमन लिपीत ते कुठे 'ए-ई' घालून छापलंय, कुठे 'ए-आय', शेवटी कुठे 'डी' तर कुठे 'आर'. जुन्या इंग्रजी कागदांत तर 'गुइकोवार' असं वाचावं लागेल अशा स्पेलिंगने. एका रूपाने शोधल्यावर बाकीची येतात का? बडोदा आणि वडोदरा हे एकच शहर आहे हे यंत्राला माहीत आहे का? गायकवाड ओरिएंटल सिरीज या बडोद्याच्या ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणजे राजशेखराची 'काव्यमीमांसा', १९१६चा. रोमन लिपीत त्याचं नाव कुणी अक्षरांवर आडव्या रेघा आणि खाली टिंबं देऊन लिहितं, कुणी साधं. साध्या स्पेलिंगने शोधून टिंबवाली नोंद आली नाही तर संस्कृत विभाग आणि प्राच्यविद्या मंदिराची मंडळी तुमचा प्लॅटफॉर्म दुसऱ्या दिवशी सोडून देतील. चित्रकलेच्या विद्यार्थ्यासाठी 'बेंद्रे' टाका. बडोद्यात शिकवलेले, मूळचे इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे आणि कन्नड कवी द. रा. बेंद्रे हे दोघे एकमेकांत मिसळतात का, आणि मिसळले तर लेखकाच्या फिल्टरने वेगळे काढता येतात का, ते बघा. १९१२ पासून बडोद्याहून 'लायब्ररी मिसलेनी' नावाचं नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघायचं. सयाजीरावांनी १९१० मध्ये ग्रंथालयतज्ज्ञ बॉर्डनसाहेबांना अमेरिकेहून आणून जी ग्रंथालयं उभी केली, त्याच काळातलं. आपल्याच व्यवसायाचा आपल्याच गावातला हा वारसा तिघांपैकी किती जणांना सापडतो ते मला खाजगीत कळवा, उत्सुकता आहे.

देवनागरीची परीक्षा वेगळी घ्या, कारण इथे बहुतेक प्लॅटफॉर्म सपशेल आपटतात आणि कुणी विचारत नाही म्हणून तसेच विकले जातात. 'शेतकऱ्यांच्या आत्महत्या' हा शोध करा. यातलं 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतं: एकदा नुक्त्याच्या 'ऱ'ने आणि एकदा साध्या 'र'ला हलन्त देऊन मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी ते वेगवेगळे शब्द. दोन्ही तऱ्हांनी टाइप करून निकालांचा आकडा बघा. मग 'शेतकरी आत्महत्या' टाका. इंग्रजीत यंत्राला अनेकवचनाचा 'एस' काढता आला की पुष्कळ भागतं. आपल्याकडे 'शेतकरी' विभक्ती लागली की 'शेतकऱ्या' होतो, 'बडोदे' 'बडोद्या' होतं. मागचं 'च्या' किंवा 'त' छाटून काम भागत नाही, सामान्यरूप कळावं लागतं. खुल्या शोधयंत्रांमध्ये हिंदीची तयार सोय मिळते, मराठीची बहुधा हिंदीवर भागवलेली असते. तुम्ही विचारायचं ते इतकंच: मराठी आणि गुजरातीसाठी नेमकं काय बसवलंय? उत्तर 'युनिकोड सपोर्ट आहे' असं आलं तर समजा काहीच बसवलेलं नाही. शोधगंगा या प्रबंधांच्या राष्ट्रीय भांडारातल्या जुन्या मराठी-गुजराती प्रबंधांचं दुखणं तर वेगळंच. ते श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाइप झालेले असतील तर पीडीएफच्या आतला मजकूर यंत्राला रोमन अक्षरांचा काला म्हणून वाचता येतो. तिथे कुठलाच प्लॅटफॉर्म काही करू शकणार नाही, हे अहवालात आधीच लिहा, म्हणजे उगाच कुणाचे गुण जाणार नाहीत.

शोधाच्या तर्काची तपासणी पाच मिनिटांची आहे, पण करा. 'डेअरी' टाकून आकडा लिहा, 'कोऑपरेटिव्ह' टाकून लिहा. मग दोन्ही 'अँड'ने जोडा: आकडा दोघांतल्या लहानापेक्षा मोठा आला तर काहीतरी भानगड आहे. 'ऑर'ने जोडा: मोठ्यापेक्षा कमी आला तरी भानगड. शब्दांची अदलाबदल करा, आकडा हलता कामा नये. अवतरणचिन्हात वाक्प्रयोग टाका. हे सगळं प्राथमिक वाटतं, पण काही यंत्रं न विचारता समानार्थी शब्द जोडतात किंवा आख्ख्या मजकुरात शिरतात आणि वाचकाला सांगत नाहीत. तशी सोय असायला हरकत नाही, ती बंद करता यायला हवी. 'पीअर रिव्ह्यूड'चा, म्हणजे तज्ज्ञांनी तपासलेल्या लेखांचा, फिल्टर लावून पहिल्या दोन पानांतले प्रकारही बघा. ती खूण बहुधा जर्नलला लावलेली असते, लेखाला नाही. त्यामुळे संपादकीय आणि पुस्तकपरीक्षणंही त्यात सुखाने बसलेली असतात. विद्यार्थी मात्र ते 'तपासलेलं संशोधन' म्हणून संदर्भात घालतात.

गुण देताना निकालांचा एकूण आकडा पूर्ण विसरा. चाळीस लाख निकाल आले हा दोष असू शकतो. प्रत्येक प्रश्नाचे पहिले दहा निकाल छापून घ्या, प्लॅटफॉर्मचं नाव आणि रंग काढून. दोन जणांना स्वतंत्रपणे 'कामाचा, बरा, निरुपयोगी' असं लिहायला सांगा: एक ग्रंथालयातला, एक विषयातला. दोघांचं जिथे जुळत नाही तिथे बसून बोला. त्या बोलण्यातूनच अहवालातला सर्वांत वाचनीय परिच्छेद निघतो. एकच लेख प्रीप्रिंट (छापण्याआधीचा मसुदा), प्रकाशित रूप आणि कुठल्यातरी भांडारातली प्रत असा तीनदा आला तर तो एकच धरा आणि दोन जागा वाया गेल्याची नोंद करा.

आता विभागप्रमुखांचा प्रश्न. त्याला हसू नका, तो रास्त आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाच्या ग्रंथालयाने दशकभरापूर्वी स्वतः बांधलेलं ओमेगा हे शोधयंत्र चक्क बंद केलं. वाचक गूगल स्कॉलरवरूनच येतात, मग आपण शोधापेक्षा पोचवण्यावर जोर देऊ, असा त्यांचा हिशेब होता. माझ्या मते तुम्हीही चौथा उमेदवार म्हणून गूगल स्कॉलरला तुलनेत बसवा आणि तेच प्रश्न त्यालाही विचारा. स्कॉलरमध्ये 'लायब्ररी लिंक्स'ची सोय आहे. तुमच्याकडे लिंक रिझॉल्व्हर असेल तर तुमचे होल्डिंग्ज गूगलला देता येतात आणि निकालाशेजारी तुमच्या ग्रंथालयाचं नाव दिसतं. हे काम नवा प्लॅटफॉर्म घ्या किंवा न घ्या, करूनच टाका. पण स्कॉलर कुठली जर्नल्स वाचतो याची यादी जाहीर करत नाही, एका शोधाचे हजाराच्या पुढचे निकाल दाखवत नाही, विषयसंज्ञा नाहीत, आणि काउंटरवर बसून त्याचा क्रम तुम्ही बदलू शकत नाही. पहिल्या वर्षाच्या एमएच्या मुलाला याने फरक पडत नाही. पीएचडीच्या संदर्भ-आढाव्याला पडतो.

त्यातही वैद्यकीय, फार्मसी आणि गृहविज्ञान विभागांना आधीच सांगून ठेवा की सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास शिस्तीने गोळा करणाऱ्या आढाव्यासाठी, ही एक-खिडकी नव्हे. पबमेड या वैद्यकीय डेटाबेसमधल्या 'मेश' या ठरीव विषयसंज्ञांची शिस्त मोठ्या मिश्र निर्देशांकात विरघळून जाते, आणि आजचा शोध सहा महिन्यांनी तसाच पुन्हा करता येईल याची हमी नसते. २०२० मध्ये २८ शोधप्रणाली याच कसोटीवर तपासणारा एक अभ्यास आला. त्यात मुख्य साधन म्हणून योग्य ठरल्या त्या निम्म्याच, चौदा, आणि गूगल स्कॉलर त्यांत नव्हता. म्हणजे प्लॅटफॉर्म घेतल्यावर मूळ डेटाबेसची दारं बंद करायची, हा जो 'सुटसुटीतपणा'चा सल्ला कंपन्या देतात, तो ऐकू नका. मूळ डेटाबेसची यादी ठळक ठेवा.

एआयबद्दल समिती खूश आहे म्हणता. असू द्या, त्यांना एक तासाची बैठक घेऊन खालचं करून दाखवा, भाषण नको. एकच प्रश्न सकाळी विचारा, संध्याकाळी त्याच शब्दांत पुन्हा विचारा, आणि दोन्ही उत्तरांखालचे संदर्भ शेजारी ठेवा. मग प्रत्येक वाक्याखाली दिलेला लेख उघडा आणि ते वाक्य त्या लेखात खरंच आहे का ते बघा. बहुतेक साधनं गोषवाऱ्यावरून उत्तर रचतात, त्यामुळे 'मर्यादा' या सदरात लेखकाने जे कबूल केलेलं असतं ते उत्तरातून गळतं. १९९८चा लॅन्सेटमधला लस आणि ऑटिझमचा लेख सगळ्यांना माहीत आहे. तो २०१० मध्ये मागे घेतला गेला. त्या विषयावर विचारून बघा, साधन तो 'मागे घेतलेला' म्हणून दाखवतं का. असेच तुमच्या विषयांतले दोन-तीन मागे घेतलेले लेख शोधून ठेवा, कारण हा प्रसिद्ध लेख कंपन्यांनीही पाठ केलेला असणार.

यातलाच एक प्रकार कमी बोलला जातो. या साधनांच्या मागे जी भाषा-मॉडेलं असतात त्यांवर हिंसा, वंशसंहार, लैंगिक अत्याचार अशा शब्दांसाठी गाळण्या बसवलेल्या असतात. सर्वसामान्य वापरासाठी ते ठीक. पण इतिहास, समाजकार्य, कायदा आणि स्त्री-अभ्यास यांचं संशोधन त्याच शब्दांवर उभं असतं. फाळणीतली हिंसा, दंगली, जातीय अत्याचार, कौटुंबिक छळ हे विषय साध्या खिडकीत आणि एआयच्या खिडकीत दोन्हीकडे टाका. साध्या खिडकीत शेकडो लेख आणि एआयमध्ये 'काही सापडले नाही' असं आलं, तर वाचकाला चुकीचा निरोप गेला. गाळणी लागली असं स्पष्ट सांगणारं साधन त्यापेक्षा बरं. प्रश्न मराठीतून आणि गुजरातीतूनही विचारा. इथे मात्र एआयला दाद द्यावी लागते: गुजराती प्रश्नावरून इंग्रजी लेख काढून देणं जुन्या खिडकीला जमत नव्हतं, याला बऱ्यापैकी जमतं. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांसाठी ती मोठी सोय आहे आणि अहवालात तसं लिहा. वाचकांचे प्रश्न कुठे साठतात, किती दिवस, आणि त्यावर मॉडेलला शिकवलं जातं का, हे लेखी घ्या. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आता आपल्या दाराशीही आहे.

दृष्टिहीन वाचकांची परीक्षा कागदावरच्या प्रमाणपत्रावरून करू नका. एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम फुकट आहे, तो वापरणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यालाच शेजारी बसवा आणि शोधापासून पीडीएफपर्यंत जाऊ द्या. तो जिथे थांबेल ते लिहा.

वापराचे आकडे मागताना ई-साहित्याचा वापर मोजण्याच्या 'काउंटर' या मानकाच्या पाचव्या आवृत्तीचे अहवाल मागा, आणि 'सर्चेस'च्या आकड्यावर भुलू नका. वाचकाने एकदा एंटर दाबलं की मागे किती डेटाबेस चाचपले जातात, त्यावर तो फुगतो. उघडलेल्या लेखांचा, म्हणजे 'युनिक आयटम रिक्वेस्ट्स'चा, आकडा खरा.

एक गोष्ट कुठल्याच डेमोत येत नाही: हे सांभाळणार कोण? होल्डिंग्जची यादी दर महिन्याला हलते. तुमच्याकडे त्यासाठी आठवड्याला अर्धा दिवस मोकळा असलेला माणूस नसेल तर सगळ्यात महागडा प्लॅटफॉर्मही वर्षभरात मोडक्या लिंकांचं आगर होईल. तसं असेल तर मोठ्या निर्देशांकाच्या मागे न लागता कोहा या ग्रंथालय-प्रणालीवर व्हूफाइंड हे शोधाचं फुकटचं मुक्त सॉफ्टवेअर बसवून, स्वतःचा ग्रंथसंग्रह आणि विद्यापीठाचं भांडार तेवढं नीट शोधता येईल असं करावं, लेखांसाठी स्कॉलरच्या लिंक्स द्याव्यात, असं मी स्पष्ट सुचवेन. पण त्यालाही सर्व्हर आणि थोडंफार प्रोग्रॅमिंग येणारा माणूस लागतो. फुकट म्हणजे बिनमाणसांचं नव्हे, हे कुलसचिवांना पटवणं सगळ्यात कठीण.

शेवटी खरेदी. एल-वनच्या, म्हणजे सगळ्यात कमी बोलीवाल्यालाच काम देण्याच्या, कचाट्यात सापडू नका. लिंकचा क्रम ठरवण्याची मुभा, केबार्ट, काउंटर अहवाल, देवनागरी-गुजरातीचा शोध, एआय बंद ठेवण्याची सोय, या गोष्टी तांत्रिक अटी म्हणून आधीच लिहा. नंतर 'अपेक्षित' म्हणून लिहिलेलं कुणी वाचत नाही. डॉलरमधला भाव असेल तर दरवर्षीच्या वाढीला मर्यादा घाला. करार संपल्यावर तुमची यादी आणि आकडेवारी साध्या फाइलमध्ये परत मिळेल असं कलम घाला. सहा आठवडे शक्यतो ऑगस्ट-सप्टेंबरात घ्या. नवरात्र ते दिवाळी इथे कुणी ग्रंथालयात फिरकत नाही, आणि एप्रिल-मे परीक्षांत आणि सुट्टीत जातो. सबस्क्रिप्शनं बहुतेक जानेवारीपासून चालतात आणि आपलं अंदाजपत्रक एप्रिलपासून, म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अहवाल समितीपुढे गेला तर टिपण, मंजुरी आणि ऑर्डर डिसेंबरच्या आत बसते. तिन्ही कंपन्यांना ट्रायलच्या तारखा एकच द्या. एकीला सत्राच्या ऐन मध्यात आणि दुसरीला दिवाळीच्या सुट्टीत तारीख मिळाली, तर वापराच्या आकड्यांची तुलनाच करता येणार नाही.